परत येता येतं का?

कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन घेतलेल्या पोरांना सुरुवातीलाच बीजगणिताचा एक पेपर असतो, आणि तो फक्त "काढायचा" असतो हे सिनियर्सनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. सेट्स, रिलेशन्स, मग ग्रुप, सबग्रुप, रिंग, फील्ड, पॉलिनॉमियल्स, शेवटी मॅट्रिक्स आणि व्हेक्टर स्पेस. व्याख्या पाठ करायच्या, चार सिद्धता घोकायच्या, "पूर्णांकांचा संच बेरजेखाली ग्रुप आहे हे दाखवा" याचं चार ओळींचं उत्तर लिहायचं आणि पुढच्या सेमिस्टरला मोकळं व्हायचं. गोव्यातल्या फोंड्याच्या बसस्टँडवर सकाळी कदंबा बसच्या रांगेत उभी असलेली, साखळी, वाळपई, पेडण्याहून पहाटे उठून येणारी ही मुलं, बरीचशी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, त्यांना कोडिंग शिकायचं असतं, नोकरी हवी असते, आणि समोर फळ्यावर मी ग्रुपचे क्लोजर, असोसिएटिव्हिटी, आयडेंटिटी, इन्व्हर्स असे चार नियम लिहीत असते. कशाला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतोच आणि तो अगदी रास्त आहे.

माझं म्हणणं असं की या सगळ्या पेपराच्या बुडाशी एकच प्रश्न आहे आणि तो कॉम्प्युटरवाल्यांइतका दुसऱ्या कोणाच्याच रोजच्या कामाचा नाही. एखादी क्रिया केली, ती उलटवता येते का? जिथून निघालो तिथे परत येता येतं का, आणि येत असेल तर नेमकं कसं? लॉक केलेला मेसेज उघडणं, फाटक्या डेटातून मूळ डेटा मिळवणं, झिप केलेली फाइल पुन्हा पसरणं, सगळीकडे हेच. त्या चार नियमांतला चौथा, इन्व्हर्सचा, म्हणजे उलट क्रियेचा, त्याच्यावर सगळी इमारत उभी आहे आणि आपण तो शेवटी घाईघाईत उरकतो.

हे मला सगळ्यात छान दाखवता येतं ते तबल्यावर. गोव्यात वर्गात विचारलं की तबला, पखवाज, घुमट कोण वाजवतं, तर हात वर येतातच. कोणी गांधर्वची मध्यमा दिलेली असते, कोणी कला अकादमीच्या भजन स्पर्धेत गावच्या पथकाबरोबर बसलेला असतो, वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड चालणाऱ्या भजनात रात्री साथ केलेलाही एखादा निघतो. त्यांना तिहाई काय ते सांगावं लागत नाही. एक बोल तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा बरोबर समेवर पडला पाहिजे. बाकीच्या वर्गाला मी सांगते, तीनतालाला १६ मात्रा, पहिली मात्रा सम, सोळा संपल्या की पुन्हा एक, म्हणजे सतरावी मात्रा पण सम आणि तेहतिसावी पण सम.

आता "तिट कत गदि गन धा" घ्या. दोन-दोन अक्षरं एका मात्रेत आणि धा एका मात्रेचा, झाल्या पाच. समेपासून उठून तीनदा घेतला की पंधरा, म्हणजे शेवटचा धा पंधराव्या मात्रेवर, आणि सम तर सतराव्या. दोन मात्रा कमी पडतात. तीन बोलांच्या मध्ये जागा दोन, प्रत्येक जागी एक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, घेतला की पंधरा अधिक दोन सतरा, सम. प्रत्येक तबलजी हे हातानेच करतो, गणित म्हणून कोणी करत नाही. आणि हाच पाच मात्रांचा बोल सात मात्रांच्या रूपकात नेला तर दम लागतच नाही, कारण सात आणि सात चौदा, पंधरावी सम. हे वाजवणाऱ्या पोराला माहीत असतं, पण "का" हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मग मी विचारते, दम न घेता, समेपासून उठून, पूर्ण मात्रांत, कुठल्या तालात तिहाई बसते? बोल किती मात्रांचा हवा? म्हणजे ३ ला कशाने गुणलं की त्या तालात १ येतो? तीनतालात ११, कारण तेहतीस. झपतालात दहा मात्रा, तिथे ७, कारण एकवीस. रूपकात ५. आणि एकतालात? बारा मात्रा. पोरं वहीत करून बघतात, १, २, ३, ४... बसतच नाही. एका मुलाने लगेच सांगितलं की आमच्या गुरुजींनी शिकवलंय, एकतालात समेवरून बेदम उठायचं नाही, दम घे नाहीतर पाचव्या मात्रेवरून उठ. गुरुजींचं शंभर टक्के बरोबर. तीन मात्रांचा बोल पाचव्यावरून उठला की तेराव्यावर संपतो, म्हणजे समेवर. पण समेवरून का नाही? कारण ३ च्या पटीत चालत गेलं की बारा मात्रांच्या चक्रात आपण ३, ६, ९, १२ याच मात्रांवर पडणार, कितीही वेळ चाललं तरी एकवर पाय पडायचा नाही. ३ आणि १२ यांच्यात सामाईक ३ आहे ना, तो आडवा येतो. १६ शी, १० शी, ७ शी ३ चं काहीच सामाईक नाही, म्हणून तिथे परत येता येतं.

एवढं झालं की "मॉड्युलो १६ मध्ये ३ चा इन्व्हर्स ११ आहे" हे वाक्य फळ्यावर लिहिलं तर कोणाला ते परकं वाटत नाही, मॉड्युलो १६ म्हणजे सोळा झाले की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि पुढचा नियमही मुलं स्वतः सांगतात, सामाईक विभाजक फक्त १ असेल तरच इन्व्हर्स मिळतो. आपल्याकडे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर होऊन गेले, हातांनी एक ताल, पायांनी दुसरा, तोंडाने तिसरा धरून सगळे एकत्र समेवर आणायचे अशा त्यांच्या आठवणी गोव्यातली गाणारी-वाजवणारी माणसं अजून सांगतात. रूपक आणि तीनताल एकत्र सोडले तर ते पुन्हा एका समेवर ७ गुणिले १६ म्हणजे ११२ मात्रांनी भेटतात, आणि मधल्या प्रवासात रूपकाची कुठलीही मात्रा आणि तीनतालाची कुठलीही मात्रा अशी प्रत्येक जोडी बरोबर एकदाच येते. एकताल आणि तीनताल सोडा, ४८ लाच भेटतात आणि कित्येक जोड्या कधी येतच नाहीत. याला पुस्तकात चायनीज रिमेंडर थिअरम म्हणतात आणि तो सिलॅबसमध्ये एका ओळीत उरकलेला असतो!

आकडे मोठे झाले की इन्व्हर्स वहीत बोटं मोजून सापडत नाही, तेव्हा कुट्टक लागतं. आर्यभटांनी ४९९ साली ही रीत दिली, पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत ती पायरी-पायरीने मांडली. मोठ्याला लहानाने भागा, बाकी घ्या, पुन्हा भागा, बाकी १ उरली की आलेल्या वाटेने मागे या. आज त्याला एक्स्टेंडेड युक्लिड म्हणतात आणि मेसेज लॉक करायच्या आरएसए पद्धतीची की बनवताना प्रोग्राम हेच करतो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये ही पद्धत काढली. वर्गात मी छोटीशी घेते, ३ आणि ११ या दोन मूळ संख्या, गुणाकार ३३. प्रत्येकातून एक वजा करून गुणा, २ गुणिले १० म्हणजे २०. आता मॉड्युलो २० मध्ये ३ चा इन्व्हर्स ७, पुन्हा एकवीसच. मेसेज समजा ४. त्याचा घन ६४, ३३ वजा केले की ३१, हे पाठवलं. मिळालेल्या ३१ चा सातवा घात घ्यायचा, पण ३१ म्हणजे ३३ च्या हिशोबात वजा २, त्याचा सातवा घात वजा १२८, त्यात १३२ मिळवले की ४. मूळ मेसेज परत. मुलं हे पहिल्यांदा स्वतः करतात तेव्हा दोन-तीन जण तरी पुन्हा दुसरा आकडा घेऊन बघतात, आणि तो क्षण मला शिकवण्यातला सगळ्यात आवडता आहे. खरी की बनवताना ३३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या असते, आणि तिचे दोन अवयव ज्याला माहीत नाहीत त्याला तो २० काढता येत नाही, म्हणून ७ पण मिळत नाही. परत यायची वाट आहे, पण ती एकालाच माहीत आहे.

इथे एक तक्रार करायचीच आहे. आपल्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षं तेच, "ग्रुप आहे हे दाखवा", "लॅग्रांजचं प्रमेय लिहा आणि सिद्ध करा". ते पाठ करून सत्तर टक्के पडतात आणि मुलगा तिसऱ्या वर्षात क्रिप्टोग्राफीला बसतो तेव्हा इन्व्हर्स म्हणजे काय ते त्याला आठवत नाही. सिद्धता नको असं मी अजिबात म्हणत नाही, उलट सिद्धता हेच या पेपराचं सोनं आहे, कारण "सगळ्या इनपुटसाठी हे चालेल" असं ठामपणे सांगायची दुसरी जागा त्यांच्या अभ्यासक्रमात फारशी नाही. पण सिद्धता आधी प्रश्न पडल्यावर यायला हवी. एकतालात का बसत नाही हे डोक्यात घोळत असताना सिद्धता आली की ती पाठ करावी लागत नाही.

आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चला. मासळीवालीच्या पसऱ्याजवळ क्यूआर कोडचा स्टिकर लावलेला असतो, पाण्याने भिजलेला, खवले चिकटलेले, एक कोपरा कधीच निघून गेलेला, आणि तरी मोबाइल धरला की पेमेंटचं पान उघडतं. कुठला तरी भाग दिसतच नाहीये आणि तरी सगळा मजकूर मिळतो, हे कसं? १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने क्यूआर कोड काढला तेव्हा आत चुका भरून काढणारा रीड-सोलोमन कोड बसवला, जो १९६० मधला. कोडचे चार दर्जे आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी भरून काढता येईल असे.

यातली युक्ती शाळेतली आहे. दोन बिंदू माहीत असले की रेघ ठरते. मला दोन आकडे पाठवायचेत तर मी ते एका रेघेत लपवते आणि त्या रेघेवरचे तीन बिंदू पाठवते, मग कुठलाही एक हरवला तरी उरलेल्या दोनांवरून रेघ परत काढता येते. मॉड्युलो ७ मध्ये करून बघूया, म्हणजे आकडे फुगत नाहीत. रेघ अशी, आकड्याची दुप्पट अधिक ३. मग १ ला ५, २ ला ७ म्हणजे ०, आणि ३ ला ९ म्हणजे २. पाठवले ५, ०, २. मधला खवल्याखाली गेला. उरले १ ला ५ आणि ३ ला २. चढ काढायचा तर (२ वजा ५) भागिले २, वजा ३ म्हणजे ४, ४ भागिले २ म्हणजे २. चढ २ मिळाला, मधला बिंदू ५ अधिक २ म्हणजे ७ म्हणजे ०. हरवलेला आकडा हातात. रेघेच्या जागी मोठ्या घाताचं पॉलिनॉमियल घेतलं की जास्त आकडे लपवता येतात, जितके जादा बिंदू पाठवले तितके हरवले तरी चालतं, आणि हरवले नसून चुकीचेच वाचले गेले असतील तर दुप्पट जादा आकडे सोबत पाठवावे लागतात.

पण या गणितात एका जागी आपण २ ने भागलं. भागणं म्हणजे इन्व्हर्सने गुणणं. मॉड्युलो ७ मध्ये शून्य सोडून सगळ्यांना इन्व्हर्स आहे म्हणून निभावलं, मॉड्युलो ६ मध्ये केलं असतं तर तिथेच अडकलो असतो. आणि कॉम्प्युटरला तर ७ नको असतात, त्याला बाइट हवा, २५६ चिन्हं. वर्गात हमखास उत्तर येतं, मग मॉड्युलो २५६ घेऊया. घेऊन बघा, २ गुणिले १२८ म्हणजे २५६ म्हणजे ०, सगळे सम आकडे बाद, निम्म्या बाइट्सना इन्व्हर्सच नाही. म्हणून गुणाकार बदलावा लागतो. बाइटमधले आठ बिट हे पॉलिनॉमियलचे गुणक समजायचे, बेरीज म्हणजे एक्सऑर (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १), आणि गुणाकारानंतर एका ठरलेल्या आठव्या घाताच्या, अवयव न पडणाऱ्या पॉलिनॉमियलने भागून बाकी ठेवायची. मग २५५ च्या २५५ शून्येतर बाइट्सना इन्व्हर्स मिळतो. शून्य सोडून सगळ्यांनी भागता येतं अशा संचाला फील्ड म्हणतात, आणि मोजक्या घटकांच्या अशा फील्ड्सना गाल्वाचं नाव आहे, तो फ्रेंच मुलगा १८३२ मध्ये द्वंद्वात गेला तेव्हा वीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाचा. त्याने जे मांडलं ते आज मासळीच्या पसऱ्यावर आहे आणि वर्गातल्या प्रत्येक फोनमधल्या एईएस एन्क्रिप्शनमध्येही आहे.

आधार कार्डाचा बारावा अंक पण सांगितलाच पाहिजे. तो आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो, वेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये दिलेल्या रीतीने. पंचकोन घ्या, तो स्वतःवर बसेल असा पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे पलटता येतो, झाल्या दहा क्रिया, ० ते ९ अंकांना पुरेशा. आधी फिरवून मग पलटणं आणि आधी पलटून मग फिरवणं यांचं उत्तर वेगळं येतं, म्हणजे क्रम बदलला की उत्तर बदलतं, अशा ग्रुपला नॉन-अबेलियन म्हणतात. टाइप करताना माणूस शेजारचे दोन अंक आलटून पालटून टाकतो ना, ते याच्यामुळे पकडता येतं. प्रत्येक क्रियेला इन्व्हर्स असल्यामुळे एक अंक चुकला तर तोही पकडतो. साध्या बेरजेवर चालणारा पुस्तकांचा तेरा अंकी आयएसबीएन घ्या, तिथे शेजारच्या अंकांत पाचाचा फरक असेल, समजा २ आणि ७, तर अदलाबदल पकडलीच जात नाही. "नॉन-अबेलियन ग्रुपचा उपयोग काय" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात त्याचं उत्तर असतं.

मॅट्रिक्सवर येताना मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात आणि आठवले पाहिजेतच. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले. आपल्याकडे त्यांची ओळख इतिहासकार म्हणून, गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, आणि तरी कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांना हे माहीत नसतं की १९४३ च्या एका लेखात त्यांनी जे मांडलं ते पुढे कारहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडलं आणि पुष्कळ पुस्तकांत त्या दोघांच्याच नावाने राहिलं. ढोबळ सांगायचं तर डेटा अशा अक्षांवर फिरवून ठेवायचा की पहिल्या थोड्या अक्षांतच बहुतेक सगळं सामावेल, मग उरलेले सोडून दिले तरी कमीत कमी नुकसान. मशीन लर्निंगमध्ये पोरं एका ओळीत पीसीए (प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस) चालवतात, ती याचीच सांत आवृत्ती. आणि इथे परतीची वाट किती सुंदर आहे बघा, या फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स म्हणजे तीच मॅट्रिक्स, ओळींचे स्तंभ केलेली. काहीही हिशोब न करता मागे येता येतं. जेपीईजी फोटोत जो कोसाइन ट्रान्सफॉर्म असतो तो या पद्धतीच्या जवळ जाणारा पण हिशोबाला स्वस्त. आपल्या मातीतल्या माणसाचं हे काम आपल्या मुलांना निदान एका तासात तरी दाखवलं गेलं पाहिजे असं मला फार वाटतं, आणि ते सिलॅबसमध्ये लिहिलेलं नसलं तरी मी दाखवते.

गेल्या वर्षी सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने ट्यूटोरियल संपल्यावर विचारलं, "मॅडम, मॉड्युलो ६ फील्ड नाही हे कळलं, पण २५६ ला जसा गुणाकार बदलला तसा ६ चा बदलून फील्ड करता येणार नाही का?" इतका चांगला प्रश्न पेपरात कधी येत नाही. मी म्हटलं, १ स्वतःमध्येच मिळवत जा, शून्य कितव्या वेळी येतं ते बघ. तिने तिथेच बाकावर बसून केलं. लॅग्रांजचं प्रमेय म्हणतं की हा आकडा ६ ला भाग घालणारा हवा, म्हणजे २, ३ किंवा ६ व्या वेळी. सहाव्या वेळी म्हटलं तर दोन एकांची बेरीज गुणिले तीन एकांची बेरीज शून्य होते आणि दोघांपैकी एकही शून्य नाही, फील्डमध्ये हे चालत नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं तर सगळ्याच घटकांची दुप्पट शून्य, मग ६ जणांत शून्य सोडून कोणाचीच तिप्पट शून्य होणार नाही, आणि २ च्या पटीत वाढत गेलेला संच २, ४, ८ होतो, ६ होतच नाही. तिसऱ्या वेळी म्हटलं तर ३, ९, २७. म्हणजे ६ चं फील्ड नाहीच, गुणाकार कसाही बदला. दुसऱ्या दिवशी ती ४ चं घेऊन आली. ०, १, अ आणि अ अधिक १. अ चा वर्ग अ अधिक १ धरला होता तिने. मग अ गुणिले (अ अधिक १) किती, मी विचारलं. तिने वर्ग उघडून लिहिला, अ अधिक १ अधिक अ, दोन अ एकमेकांना खाऊन गेले, उरला १. दोघे एकमेकांचे इन्व्हर्स. आता ती ८ चं करतेय आणि तिसऱ्या घाताचं अवयव न पडणारं पॉलिनॉमियल कुठलं घ्यायचं ते मी तिला सांगितलेलं नाही.